फोंताईन्हास म्हणजे ‘छोटं लिस्बन’ नव्हे

पर्यटनाचा हंगाम आला की फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीबद्दल एक मजकूर फिरू लागतो: ‘पणजीचं फोंताईन्हास म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात बांधलेलं छोटं लिस्बन. १९८४ पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. तिथला ३१ जानेवारी रस्ता म्हणजे स्पेनपासून पोर्तुगाल सुटला त्याची आठवण.’ आता पणजीकरच तो पुढे पाठवू लागलेत, म्हणून लिहितोय.

सोळाव्या शतकात राजधानी जुन्या गोव्यात होती. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याची ही खाडीकाठची जमीन अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा या मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या गोंयकाराने भर घालून लागवडीखाली आणली, तिथे माड लावले. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीत राहायला आला होता, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. माणसं वाढली तशी माडांच्या जागी घरं उभी राहिली.

‘पोर्तुगिजांनी बांधलं’ हे मला सर्वात जास्त खुपतं. भिंती इथल्या चिऱ्याच्या, छपरावर मंगळुरी कौलं. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ धरतं, म्हणून पाऊस सरला की पुन्हा रंग द्यायचा. एखाद्या जुन्या खिडकीपाशी थांबून बघा: लाकडी चौकटीत काचेऐवजी पातळ, दुधी शिंपले बसवलेले असतात. उजेड आत येतो, पण ऊन डोळ्यांवर येत नाही. हे काम इथल्या हातांचं. अझुलेजो म्हणजे चकचकीत रंगीत टाइल्स, नक्षीदार कठडे ही पोर्तुगालची देणगी, ते कोणी नाकारत नाही. पण शेजारीच मळा ही वस्ती आहे, टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ आहे, त्याची जत्रा भरते. लिस्बनच्या चित्रात हे सगळं पुसलं जातं.

रस्त्याचं थोडक्यात: स्पेनविरुद्धचा उठाव १ डिसेंबर १६४० चा. ३१ जानेवारी ही १८९१ च्या पोर्तोमधल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या बंडाची तारीख, आणि या नावाचे रस्ते पोर्तुगालमध्येही आहेत.

राहिला युनेस्को. जागतिक वारसा यादीत गोव्याची एकच नोंद आहे, १९८६ ची: जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. फोंताईन्हास त्यात नाही. त्याला जे काही संरक्षण आहे ते नगरनियोजनाच्या नियमांतून मिळतं. उद्या एखादं जुनं घर पाडायला काढलं, तर ‘युनेस्को बघून घेईल’ म्हणत घरी बसून चालणार नाही. हरकत इथेच, पणजीतल्या कार्यालयात, मुदतीच्या आत नोंदवावी लागेल.