पाचशेच्या स्टॅम्पवर घरची गाडी पास? नाही हो

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की जुनी फियाट कापून घरी हॉट रॉड (जुन्या गाडीची बॉडी-इंजिन बदलून केलेली हौशी वेगवान गाडी) बनवा, पार्टची बिलं आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवर अफिडेव्हिट घेऊन ताडदेव आरटीओत जा, एमएच-०१ नंबर मिळतो. असलं काही नसतं.

नव्या गाडीच्या रजिस्ट्रेशनला फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) न् २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) लागतात, ते डीलर आणि कंपनी देते, कुर्ल्याचा वेल्डर नाही. आणि जुन्या आरसीवर नवीन बॉडी चढवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत परस्पर बदल करायला मनाई) आडवं येतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मग कोणीतरी म्हणणारच, व्हिंटेज (जुन्या, जपलेल्या गाड्यांच्या) रजिस्ट्रेशनमध्ये टाकू. २०२१ चा तो नियम ५० वर्षांवरच्या गाडीला आहे, पण मूळ रूपात असलेल्या. चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठे बदल केले की बाद, म्हणजे हॉट रॉडचा सगळा जीवच गेला.

सांगलीकडच्या कारागिराची भंगारातली जीप आठवते ना, आनंद महिंद्रांनी बदल्यात बोलेरो दिली ती? कौतुक करतानाच ते म्हणाले होते, नियमात बसत नाही म्हणून ही गाडी आज ना उद्या थांबवतील. त्यामुळे एजंटला ॲडव्हान्स देऊ नका राव.