आरसा काढून घेण्याआधी एवढं वाचा

‘जो चित्रकार सारखं स्वतःचंच चित्र काढतो, त्याचं मन आजारी असतं. व्हॅन गॉगने वेडाच्या झटक्यात अशी शेकडो चित्रं काढली. रेम्ब्रांटच्या डोळ्यांतली भीती बघा. घरातलं मूल असं करत असेल तर वेळीच थांबवा.’

हा फॉरवर्ड आमच्या नागपूरच्या ग्रुपवर फिरला आणि प्रतापनगरला राहणाऱ्या माझ्या ताईने लेकीच्या टेबलावरचा आरसा उचलून कपाटात टाकला. पोरीला चित्रकला महाविद्यालयात जायचंय. चेहऱ्याचा सराव तिने करायचा कोणावर? तासभर न हलता बसायला घरात कोण तयार आहे?

डच चित्रकार व्हॅन गॉगचीही अडचण हीच होती. त्याची अशी चित्रं शेकडो नाहीत, पस्तीसच्या आसपास आहेत, आणि बहुतेक १८८६ ते १८८८ मधली, पॅरिसची. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. सप्टेंबर १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लहून भाऊ थिओला तो स्वच्छ लिहितो की मॉडेल नाही म्हणून मुद्दाम बऱ्यापैकी आरसा घेतला. स्वतःच्या डोक्याचे रंग जमले तर इतरांचीही डोकी जमतील. पत्रं छापलेली आहेत, वाचा की!

आणि ‘झटक्यात’? कान कापला डिसेंबर १८८८ मध्ये. पट्टीवालं चित्र जानेवारीतलं, दवाखान्यातून घरी आल्यावरचं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, मागे इझल म्हणजे चित्र ठेवायचा स्टँड, भिंतीवर जपानी चित्र. पट्टी उजव्या कानावर दिसते, कापला होता डावा, कारण आरशात बघून काढलंय. भान सुटलेल्या माणसाचा हात असा चालत नाही. पुढे सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातही झटका ओसरून तो उठला तेव्हाच त्याने पुन्हा स्वतःला रंगवायला घेतलं.

रेम्ब्रांट हाही डच चित्रकार. त्याचं ते डोळे वटारलेलं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, १६३० चं, जेमतेम पाच सेंटिमीटरचं. तरुण चित्रकार आरशासमोर हावभावांचा सराव करत होता, बस.

हो, मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोच्या चित्रांत दुखणं आहे, हे मानावं लागेल. १९२५ च्या बस अपघातानंतर पलंगावर पडल्यापडल्या, वर लावलेल्या आरशात बघून ती रंगवायला लागली. १९३९ च्या ‘दोन फ्रीडा’मध्ये एक युरोपीय पोशाखात, दुसरी मेक्सिकोतल्या पारंपरिक तेहुआना पोशाखात, घटस्फोट आणि आपण नेमक्या कोण, दोन्ही त्यात आहे. पण ते तिने जाणूनबुजून मांडलं, आणि आपल्याला कळतं ते तिचं आयुष्य माहीत आहे म्हणून. शिवाय रंगवण्याने ती आजारी पडली नव्हती, आजारपणात तिला रंगांचा आधार होता. ‘थांबवा’ म्हणणारा तोच आधार काढून घ्यायला सांगतोय.

पोरीची काळजी वाटत असेल तर तिची झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं बघा. त्यात बिघाड दिसला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, पण चित्रांची वही तिच्याच हातात राहू द्या.