तापीकाठी ‘मरीना’ कशाला? घाट आहे, धक्का आहे

खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘बंदर’ हा शब्द हिंदीतल्या माकडावरून आला आणि तो समुद्रालाच शोभतो, नदीला लावणं चूक. लहान होड्या लागतात त्या जागेला मराठीत शब्दच नाही. ‘मरीना’ म्हणजे छोटं बंदर, म्हणून प्रकाशा, सारंगखेडा, हतनूर इथल्या अशा जागांना मरीनाच म्हणावं.

माकडाचं आधी मिटवू. हिंदीतला तो ‘बंदर’ संस्कृत ‘वानर’पासून आला. आपलं बंदर फारसी आहे, अर्थ जहाजं लागण्याची जागा. इराणातलं बंदर अब्बास त्याच शब्दाचं. दोघांचा उच्चार जुळला, एवढंच.

आता ‘समुद्रालाच शोभतो’ हे. सुरत कुठे वसलंय? तापीच्या काठावर, मुखापासून आत. मोठी जहाजं समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकत आणि माल तिथून शहरात येई. तरी मोगल नाण्यांवर सुरतेचा मान ‘बंदर-ए-मुबारक’ असाच आहे. बुऱ्हाणपूरचं कापड नंदुरबारवरून याच बंदराकडे जात होतं. ज्या वाटेनं माल गेला, त्याच वाटेनं हा शब्द आपल्याकडे रुळला असणार, असं मला वाटतं. १९०८च्या भारतीय बंदर कायद्याच्या व्याख्येतही नदीचा भाग बसत होता. आणि २०१६च्या कायद्यानं तर हतनूरपासून खंबातच्या आखातापर्यंत तापीचा ४३६ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० ठरवलाय. मध्ये उकाईसारखं धरण आडवं असल्यानं सलग नौका चालत नाही, हे खरं. पण त्यानं शब्द चुकीचा ठरत नाही.

‘मराठीत शब्दच नाही’ हे वाचून मात्र मला खरोखर वाईट वाटलं. आपल्या भोई, कोळी मंडळींना विचारायचं तरी! पायऱ्या पाण्यात उतरतात आणि होडी येऊन टेकते, तो घाट. ‘नाव घाटले लागनी’ असं अहिराणीत म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. बांधून काढलेली उभी कड, जिच्या अंगाला होडी लावून माणूस सरळ वर पाऊल टाकतो, तो धक्का. मुंबईचा भाऊचा धक्का सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी उथळ असतं आणि पायी ओलांडता येतं, तो उतार. तिथे होडीचं कामच नाही. पलीकडे नेणारी नाव, ती ‘तर’. होड्या वस्तीला राहतात, माल चढतो-उतरतो, ते बंदर. लहान असेल तर लहान बंदर. प्रत्येक शब्द वेगळं काम सांगतो, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं ते सगळे एका परक्या शब्दात कोंबलेत.

बरं, ‘मरीना’ म्हणजे कोणतंही छोटं बंदर, हेही खरं नाही. इटालियन-स्पॅनिशमध्ये मरीना म्हणजे समुद्रकिनारा. मुळाशी लॅटिनमधला समुद्र. चेन्नईच्या मरीनाला ते नाव गव्हर्नर ग्रँट डफनं १८८०च्या दशकात दिलं, फिरायच्या किनाऱ्याला. हौशी नौका बांधून ठेवायची, पाणी, वीज, इंधन पुरवायची जागा हा अर्थ अमेरिकेत १९२०च्या दशकात रुळला. कोचीत बोळगाट्टी बेटावर तशी मरीना आहे, आणि तिला मरीना म्हणणं अगदी योग्य आहे. मासेमारीच्या डोंग्यांना आणि पैलतीरी जाणाऱ्या नावेला तो शब्द लागू होत नाही.

शब्दासाठी एवढं भांडण कशाला, असं कुणी विचारेल. त्यानं नर्मदेकडे बघावं. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांना सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे होडी हाच रस्ता झाला. पाणी चढतं, उतरतं, आणि होडी लागायची जागा दर मोसमात सरकते. पाणी खाली गेलं की आजारी माणसाला गाळ तुडवत पाण्यापर्यंत आणावं लागतं. कागदावर ‘मरीना’ लिहिलं की आराखड्यात सहलीच्या नौका आणि उपाहारगृह येणार. ‘धक्का’ लिहिलं तर विचारावं लागतं, पाणी सर्वांत खाली असताना शेवटची पायरी कुठे येईल?