कुत्रं देताना खरं सांगत जा बाप्पा

व्हॉट्सअॅपवर रोज एका तरी कुत्र्याचा फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं "खूप प्रेमळ, लेकरांसोबत खेळतं, अर्जंट घर पाहिजे". रस्त्यावरून कधी उचललं विचारलं तं म्हणतात काल संध्याकाळी. मग ते लेकरांसोबत खेळतं हे आज सकाळी कसं कळलं भाऊ?

आपल्याकडे बैल घ्यायचा म्हटलं की माणूस दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो, मारका तं नाही ना म्हणून विकणाऱ्याच्या गावात जाऊन विचारतो. आणि कुत्रं, जे रात्री लेकरांच्या खाटेखाली झोपणार आहे, ते मोबाईलवर पाहून ठरवतो.

नवीन जागी आलं की बरीच कुत्री कोपरा धरून बसतात, खात नाहीत, हात लावला तरी गप्प. लोक म्हणतात "लय गरीब हाय जी". अहो भीतीनं थिजलंय ते. जागा ओळखीची झाली, पोट भरायला लागलं की दोन-तीन आठवड्यांनी खरा स्वभाव दिसायला लागतो, कधी आणखी उशिरा. तोवर ठेवायला जागा नसेल तं कुत्रं उचलूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, राग आला तरी चालेल. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं वाचवायचं नसतंच. धडधाकट असेल तं नसबंदी आणि लस करून त्याच्याच जागी सोडायचं, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे 2023 चे सरकारी एबीसी नियमही तेच सांगतात.

सगळ्यात आधी जनावरांचा डॉक्टर. कान सडलेला, दात तुटलेला, जुनं हाड चुकीचं जुळलेलं, अंग गोचिडांनी भरलेलं, अशा कुत्र्याच्या दुखत्या जागी हात पडला की ते चावणारच, त्यावरून चावरं ठरवू नका. रेबीजची लस साधारण 3 महिन्यांच्या वयाला, मग बूस्टर. आणि तपासताना कोणाला दात लागलाच तं जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची आणि कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवायची. झाडपाला, मंतर वगैरे काही नाही.

आता स्वभाव तपासायचा कसा. बाहेरच्या देशांत शेल्टरमध्ये कुत्रं खात असताना प्लास्टिकचा हात ताटात घालून पाहतात. पॅट्रोनेक आणि ब्रॅडली या दोन अभ्यासकांनी 2016 मध्ये मांडलं की असल्या चाचण्यांवरून घरी गेल्यावर कुत्रं कसं वागेल हे सांगणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच आहे. मला पटतं ते. उपाशी कुत्र्याच्या ताटात हात घालून ते गुरगुरलं म्हणून नापास, हा कुठला न्याय? एका दिवसाची परीक्षा घेण्यापेक्षा रोजचं पाहा आणि वहीत लिहून ठेवा. कुंपणापलीकडून बकऱ्या गेल्या तेव्हा काय केलं, कोंबडी समोर आली तेव्हा, गाडीमागे धावतं का, काठी घेतलेला माणूस दिसला की लपतं की अंगावर जातं, रानडुकरं हाकलायला फटाका फोडला तं किती वेळानं भानावर येतं. अंग ताठ करणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, सारखे ओठ चाटणं, हे सगळं चावण्याच्या आधीचं सांगणं असतं. आणि गुरगुरलं म्हणून मारू नका, मारून मारून गुरगुरणं बंद झालेलं कुत्रं मग न सांगताच चावतं.

आमच्याकडे अजून एक हमखास पाहते मी, वेचणीच्या बाया. वावरात राखणीला कुत्रं पाहिजे म्हणतात, चांगलं तिखट पाहिजे म्हणतात, अन् कापूस फुटला की सकाळी दहा-बारा बाया डोक्याला फडकं, कमरेला ओटी बांधून धुऱ्यानं येतात, अनोळखी, मोठ्यानं बोलत. तिथं ते तिखट कुत्रं एखाद्या बाईच्या पायाला लागलं की मजूर येणं बंद आणि गावात दिसेल त्या कुत्र्यावर काठी. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या तोडीला तेच. राखणीचं कुत्रं भुंकणारं पाहिजे, चावणारं कशाला? आणि दिवसभर साखळीला बांधाल तं चांगलं कुत्रंही बिघडतं.

पिल्लांचं वेगळं. साधारण 3 ते 14 आठवडे हा माणसांची, आवाजांची, बाकी जनावरांची सवय लागायचा काळ, म्हणून आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका आणि नंतर कोठ्यात एकटं डांबूनही ठेवू नका. तरी मोठं होऊन कसं निघेल याची गॅरंटी पिल्लू पाहून कोणी देत असेल तं तो फेकतो आहे.

घेणाऱ्याला सगळं सांगा, एकदा चावलंय तेही. "सांगितलं तं कोण नेईल ताई" हे मी लय ऐकलं. नसेल नेत तं नको नेऊ दे, आणि नाही जमलं तं परत आणा हेही आधीच बोलून ठेवा. काही कुत्री कोणाच्याच घरी देण्यासारखी नसतात, ती आपल्यालाच सांभाळावी लागतात. म्हणूनच आपली ऐपत पाहून उचलायचं.

सध्या माझ्याकडे एक काळी कुत्री आहे, मोठी, नसबंदी झालेली, लस झालेली. बायांसोबत अन् शाळेतल्या पोरांसोबत चांगली राहते, अनोळखी बाप्यांवर भुंकते पण मागे सरकते, फटाक्याला लय घाबरते, खाताना जवळ गेलेलं चालत नाही. रांगणारं लेकरू असलेल्या घरी देणार नाही, कोंबड्या असतील तं विचारूच नका. नेण्याआधी दोन-तीनदा येऊन तिच्यासोबत बसावं लागेल. आर्वीच्या जवळपासचे असाल तं इनबॉक्स करा.