स्लायडर सरकवण्यापुरतं तंत्रज्ञान?

भावी गणित शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाचा वेगळा पेपर ठेवावा, ही एका लेखात वाचलेली सूचना पटली नाही. विषयाचं ज्ञान एकीकडे आणि शिकवण्याचं दुसरीकडे, ही फाळणी चुकीची असल्याचं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. २००६ मध्ये मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-संशोधकांनी त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. आपण मात्र पुन्हा कप्पेच पाडतोय.

जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. y = ax² + bx + c चा आलेख काढून a आणि c चे स्लायडर (किंमत बदलायच्या सरकपट्ट्या) सगळेच फिरवतात. b फिरवला की वक्र तिरकस सरकतो, आणि तिथे बहुतेक प्रात्यक्षिकं आटोपती घेतली जातात. खरी मजा तिथेच आहे! शिरोबिंदूचा, म्हणजे वक्र जिथे वळतो त्या टोकाचा, माग (सरकताना उमटणारी खूण) चालू ठेवा: तो स्वतःच एका उलट्या परवलयावरून, y = c − ax² वरून, फिरतो. का, हे प्रशिक्षणार्थीने आधी कागदावर सिद्ध करावं (वर्ग पूर्ण करायचा, एवढंच) आणि मग मुलांना कोणता प्रश्न कधी विचारायचा ते ठरवावं. हे बीजगणिताच्या अध्यापन पद्धतीच्या तासालाच व्हायला हवं. संगणकाच्या पेपरात फार तर बटणं कुठे आहेत ते कळेल, आणि ती दर आवृत्तीत बदलतात.