कार्बोनारात क्रीम नसतं
रोमच्या गल्लीबोळातल्या त्रातोरियांबद्दल, म्हणजे साध्या घरगुती खाणावळींबद्दल, तुमच्या लेखात छान लिहिलंय, पण कार्बोनारा या पास्त्याचा मऊपणा क्रीममुळे येतो हे वाक्य कृपया दुरुस्त करा. तिथे त्यात क्रीम पडतच नाही. अंडं, किसलेलं पेकोरिनो चीज, मिरी आणि ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, बस्स. पास्ता आचेवरून उतरवून, तो ज्यात उकळला ते पिठूळ पाणी थोडं थोडं घालत भराभर ढवळायचं. जरा उष्णता जास्त झाली की अंडं गोठून गोळे होतात. हे ज्याला साधलं तो खरा स्वयंपाकी! आणि हो, गुरुवारी गेलात तर न्योक्की, म्हणजे बटाट्याचे मऊ छोटे गोळे, जरूर मागवा, तो तिथला जुना रिवाज आहे. फक्त रात्री साडेसातच्या आधी जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर उघडलेलंच नसतं.