खुलासा : शांतिसैनिकांच्या बंदुका यूएन देत नाही

‘संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत यूएनच सगळ्या देशांना एकसारखी शस्त्रं देते, त्यामुळे काडतुसं कुणाचीही कुणालाही चालतात,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

यूएनकडून मिळतात त्या निळ्या टोप्या, गळ्यातले रुमाल, बाहीवरची चिन्हं. रायफल, गणवेश, चिलखती गाड्या प्रत्येक देश आपल्या आणतो. गाड्यांसारख्या मोठ्या सामानाचं भाडं यूएन करारानुसार देते. ‘वेट लीज’ असेल तर दुरुस्ती आणि सुटे भाग त्या देशाच्या गळ्यात, ‘ड्राय लीज’ असेल तर यूएनच्या. गाडी पोचल्यावर, नंतर ठराविक काळाने आणि परत जाताना तपासणी होते. बंद पडलेल्या गाड्या वाढल्या की भाडं कापलं जातं.

आता काडतुसांचं. नुसतं ‘७.६२ मिमी’ म्हणून भागत नाही. एके-४७ चं काडतूस ७.६२×३९, एफएन फाल या बेल्जियन रायफलचं ७.६२×५१; पहिला आकडा गोळीच्या मापाचा, दुसरा नळीच्या लांबीचा. गोळीचा व्यास जवळपास तोच, पण काडतुसाच्या नळीची लांबी वेगळी. एकाचं दुसऱ्यात बसत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बोर इथल्या दक्षिण कोरियाच्या तुकडीला दारूगोळा कमी पडायची भीती होती. जपानने यूएनमार्फत ५.५६ मिमीची १०,००० काडतुसं दिली. दोघांच्या रायफली त्याच मापाच्या होत्या म्हणून जमलं. तरी जपानला त्यासाठी शस्त्रनिर्यातीच्या धोरणाला अपवाद करावा लागला! पुढे ती काडतुसं परतही केली गेली.